शंभरावर अडलेला वेग

घरी 300 एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंत आणि स्पीड टेस्ट मात्र 95च्या आसपासच अडून बसते? मग आधी राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी केबल बघा. तिच्या आत आठ बारीक तारा असतात. गिगाबिट वेगाला त्या आठही लागतात. एखादी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी बहुतेकदा गुपचूप 100वर उतरते. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहिलात, की लगेच कळतं. राउटरचं पोर्टच 100चं असेल, तर मात्र केबल बदलून उपयोग नाही. आणि वेग वाढवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, अगदी कळकळीनं सांगते. वायफायवर असाल, तर राउटरच्या जवळपास 5 गिगाहर्ट्‌झ निवडा, 2.4वर शेजारपाजारच्या राउटरांची फार गर्दी असते.