तापीच्या तीरावरचा भूगोल

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवानिमित्त महाजन कुटुंबीयांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



श्रींच्या कृपेने आज आपणासमोर दोन शब्द बोलण्याची संधी मला लाभली आहे. मी विद्वान नव्हे, शिक्षक तर नव्हेच. उभे आयुष्य कारकुनीत, नोंदवह्या भरण्यात गेले. परंतु निवृत्तीनंतर चिरंजीवाच्या नोकरीनिमित्त काही काळ सुरतेस राहण्याचा योग आला आणि तेथील नवागाम भागात प्राथमिक शाळेतील मुलांना भूगोल शिकविण्याचे काम अनपेक्षितपणे अंगावर पडले. त्या मुलांनी मला जे शिकविले, ते आपल्या कानी घालावे एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

नवागाम, दिंडोली, उधना, लिंबायत हा सुरतेचा दक्षिणेकडील भाग. यंत्रमाग आणि कापड छपाईच्या कारखान्यांच्या आधाराने येथे धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे येऊन स्थायिक झाली आहेत. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कामावर हिंदी आणि शाळेत मराठी अशा चार भाषांत ही मुले वाढतात. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. मलाही नव्हती. अशा शाळांत जाणारी दहा-बारा मुले संध्याकाळी आमच्या गच्चीवर जमू लागली.

आरंभी मी एक मोठी चूक केली, ती प्रांजळपणे सांगतो. मला जसे शिकविले गेले तसेच मी शिकवू लागलो. लिसेवच्या भूगोलाचा मजवर पक्का संस्कार होता. पोर्तुगालच्या नद्या, त्यांच्या उपनद्या, तिकडचे लोहमार्ग आणि त्यांवरील स्थानके आम्ही घडाघडा म्हणून दाखवीत असू. तेजू नदी लिस्बनपाशी समुद्रास मिळते हे मला ठाऊक होते. परंतु जिच्या काठाने रोज चालत होतो ती मांडवी कोठून येते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणास विचारले नाही. तिचा उगम बेळगाव जिल्ह्यात भीमगडच्या परिसरात असून तेथे तिला म्हादई म्हणतात, हे ज्ञान मला फार उशिरा झाले.

तरीही नवागामात मी पाठांतरच सुरू केले. एके दिवशी एका चुणचुणीत मुलाने न अडखळता म्हणून दाखविले की, तापी नदी सातपुडा पर्वतात मुलताई येथे उगम पावते व अरबी समुद्रास मिळते. मी प्रसन्न होऊन विचारले, "तू तापी पाहिली आहेस का?" तो म्हणाला, "नाही." मी म्हटले, "अरे, गणपती विसर्जनास तुम्ही कोठे जाता?" तो म्हणाला, "नदीवर." ती नदी तीच पुस्तकातली तापी, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याच्या लेखी पुस्तकातली नदी वेगळी आणि पुलाखालची वेगळी! मी मनोमन खजील झालो. मुलाने पाठ केले होते. शिकविण्यात मीच उणा पडलो होतो.

त्याच सुमारास एका लहान मुलीने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहून विचारले, "बाबा, आमनं गाव यामा कोठे शे?" तिचे गाव शिंदखेडे तालुक्यातील एक खेडे. नकाशावर त्याचा ठिपका नव्हता. तिने मान खाली घातली. आपले गाव जगात नाहीच, असे तिला वाटले असावे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक मिटून ठेवले. तापीची लांबी 724 किलोमीटर आहे. एका पावलास 50 किलोमीटर असे प्रमाण धरून आम्ही गच्चीवर खडूने साडेचौदा पावलांची तापी काढली. पूर्वेच्या टोकास मुलताई, नंतर बुऱ्हाणपूर, पूर्णेचा संगम होतो ते चांगदेव, मग भुसावळ, पुढे प्रकाशे, उकाई आणि पश्चिमेच्या टोकास सुरत. प्रत्येक ठिकाणी एकेक मूल उभे केले. शिंदखेडे तालुक्यात मुडावद येथे पांझरा तापीस मिळते; तेथे त्या मुलीस उभे केले. "तुझ्या तालुक्यातले पाणी वाहत वाहत येथे येते," असे मी सांगताच ती धावत सुरतेच्या ठिपक्यापर्यंत आली आणि म्हणाली, "म्हणजे नदी पण आमच्यासारखीच आली!"

सज्जनहो, इतक्या वर्षांत भूगोलाची याहून चांगली व्याख्या मी ऐकली नाही.

त्यानंतर प्रश्नांची रीघ लागली. आपण गाव का सोडले? सह्याद्री पश्चिमेकडून येणारे ढग अडवितो, म्हणून पलीकडे खानदेशात पाऊस कमी आणि कोरडवाहू शेती बेभरवशाची. आपण कसे आलो? तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या जळगाव-उधना लोहमार्गाने. अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली ही स्थानके मुलांना आधीच तोंडपाठ होती, कारण त्यांवरून त्यांनी प्रवास केला होता. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे, हे त्यांनीच मला सांगितले. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली, हा इतिहास त्या एका फलाटावरून सहज सांगता आला.

मग 2006 सालचा ऑगस्ट महिना निघाला. उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झाले असून ते सुरतेच्या वर सुमारे 100 किलोमीटरवर आहे. त्या ऑगस्टमध्ये धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आईबापांनी घरी सांगितलेल्या आठवणी मुलांनी वर्गात सांगितल्या. वरच्या अंगास पाऊस पडला तर आपण कोरड्या आभाळाखालीही सावध का राहिले पाहिजे, हे त्यांना खडूच्या नदीवरून उमगले. भूगोल हा केवळ परीक्षेचा विषय नसून जीव वाचविणारी विद्या आहे, हे मलाही तेव्हाच पटले.

दिशा आम्ही सूर्याकडून शिकलो. हिवाळ्यात माध्यान्ही उभ्या काठीची सावली उत्तर दाखविते. मे महिन्याच्या अखेरीस मात्र सुरतेस एक दिवस ती सावली नाहीशी होते आणि तीही घड्याळात बारा वाजता नव्हे, तर 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास! कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आणि सुरत त्याच्या पश्चिमेस जवळजवळ दहा अंश. दर अंशास चार मिनिटे. हा हिशोब मुलांनीच केला. कारकुनाला त्याचा किती आनंद झाला म्हणून सांगू!

यात माझे नवे असे काही नाही. गुजरातेत गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तो मुलाच्या अनुभवास शिक्षणाचा पाया मानूनच. आम्ही ते विसरलो, एवढेच.

आता आपल्या घरचे बोलतो. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी देव डोक्यावर घेऊन नद्या ओलांडल्या. कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आले, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळास. आपणही त्या नवागामच्या मुलीसारखेच, आपले ठिकाण सोडून आलेले. परंतु आज मुंबई-पुण्याहून मोटारीने उत्सवास येणाऱ्या आपल्या नातवंडांस विचारा, मूळ स्थान कोणत्या दिशेस आहे, मध्ये कोणती नदी लागते? बहुतेक गप्प राहतील. तो दोष त्यांचा नव्हे.

म्हणून माझी एक नम्र विनंती आहे. उत्सवाच्या एका सकाळी मुलांना घेऊन मूळ स्थानाच्या वाटेने जावे. अघनाशिनीच्या काठी थांबून पूर्वज कोठून कोठे उतरले असतील, हे दाखवावे. प्रांगणात खडूने एक नकाशा मुलांकडूनच काढवावा.

पूजेच्या आरंभी आपण संकल्प करतो, त्यात द्वीप, वर्ष, देश आणि नदीचे तीर यांचा उच्चार असतो. देवापुढे बसण्याआधी मी कोठे बसलो आहे हे सांगावे लागते. आपल्या पूर्वजांनी भूगोलाचा पहिला धडा पूजेतच घालून ठेवला आहे. आपण तो अर्थाविना उरकतो. सुरतेतील घरी पूजा करताना मी तापीच्या दक्षिण तीराचा उच्चार करू लागलो, तेव्हा ती परकी भूमी मला आपली वाटू लागली.

ज्याला आपण कोठे उभे आहोत हे कळले, त्याला कोठे जायचे हेही कळते. आपल्या मुलांना श्री ती सुबुद्धी देवोत, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.