औषध नव्हे, विष म्हणूया

(एका महिला मेळाव्यात परसबागेविषयी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज बोलायचं आहे ते परसातल्या भाजीबद्दल आणि तिच्यावरच्या किडीबद्दल. बायकांच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी एक प्रश्न विचारते. कापसावर फवारून पंपात थोडं पाणी उरलं, तर ते जातं कुठे? बऱ्याच घरांत ते परसातल्या वांग्यावर, नाहीतर वालाच्या वेलावर मारतात. 'औषध वाया कशाला घालवायचं?' दोन दिवसांनी तीच वांगी चुलीवर चढतात.

त्याला औषध म्हणतो, इथेच आपली पहिली फसगत होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला देशात २००५ सालीच बंदी झाली. तरी २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून २३ मुलं गेली, तेव्हा त्या स्वयंपाकाच्या तेलात हेच विष सापडलं. माणसं मारणाऱ्या वस्तूला औषध कसं म्हणायचं?

पंप बहुतेक वेळा पुरुषाच्या पाठीवर असतो. पण त्याला पाणी भरून देते कोण? फवारणीचे कपडे धुते कोण? फवारलेल्या शेतात निंदायला, वेचायला जाते कोण? तिच्या अंगात किती विष गेलं, याची नोंद कुठेच होत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, म्हणून शेतात काय फवारायचं हे तिला विचारत नाहीत. परसबाग मात्र तिच्याच हातची असते. निदान तिथला निर्णय तरी तिचा असू द्या.

मग विषाशिवाय करायचं काय? पहिलं काम म्हणजे पानं उलटून पाहणं. मावा, पांढरी माशी पानाखालीच बसतात. पण दिसला किडा की मारा, असं नको. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याच्या अळ्या मावा खातात. ते दिसले तर काही दिवस थांबा. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या डब्याला एरंडेल फासून झाडांमध्ये काठीवर लावा. माशा येऊन चिकटतात.

वांग्याच्या शेंड्यानं मान टाकली, तर आत अळी आहे असं समजा. शेंडा अळीच्या खालपर्यंत कापून जाळा. भोक पडलेलं वांगं तिथेच टाकू नका. कारली-दोडक्यात फळमाशी असेल, तर किडकी फळं रोज वेचून खोल पुरा. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो; मात्र तिथल्या अळ्या वेचायला विसरू नका.

एवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क. पावसाळ्याच्या तोंडावर पडलेल्या निंबोळ्या वेचायच्या, गर धुऊन बिया सावलीत वाळवून ठेवायच्या. लागतील तेव्हा फोडून ५० ग्रॅम मगज कुटायचा, फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. पिळून, गाळून चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण उन्हात त्याचा गुण जातो. अळी लगेच मरत नाही. ती खाणं सोडते, तिचं कात टाकणं बिघडतं. आठ दिवसांनी पुन्हा फवारा.

एक सावधगिरी. घरचं म्हणजे निर्धोक, असं नाही. तंबाखूचा काढा पुष्कळजणी वापरतात. त्यातलं निकोटीन विषच आहे, शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूरोग लागू शकतो.

आता खरा अडचणीचा मुद्दा. पंपानं काम दहा मिनिटांत उरकतं. पानं उलटायला, निंबोळ्या कुटायला वेळ लागतो. तो वेळ बाईच्या झोपेतून काढायचा असेल, तर ही नवी वेठ झाली. घरातले सगळे भाजी खातात, तर निंबोळ्या मुलांनी वेचाव्यात, मगज नवऱ्यानं कुटावा. गटानं एकत्र अर्क केला तर कष्टही वाटले जातात. आणि ज्यांना परसच नाही, त्या भूमिहीन बहिणींचं काय? गावातल्या पडीक जागेचा तुकडा त्यांच्या भाजीसाठी द्या, ही मागणी आपण ग्रामसभेत करायला हवी.

आणखी एक. शेतातल्या विषाची बाटली पुष्कळ घरांत माळ्यावर, फडताळात, हाताशी असते. रागाच्या, दुःखाच्या एका क्षणात ती बाटली किती बायांनी तोंडाला लावली, हे आपल्या कामात आपण पाहतोच. ती घराबाहेर, कुलपात गेली पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं दोन प्रश्नांची उत्तरं घेऊन यावं. घरात विष कुठे ठेवलं आहे? आणि परसात काय फवारायचं, हे कोण ठरवतं?