दूध सुटलं, ताकद सोडू नका



फौजेत असताना मी रोज दोन पेले दूध प्यायचो. कधी पोट बिघडलं नाही. निवृत्तीनंतर वजन ११८ किलोवर गेलं, मधुमेह मागे लागला आणि मी गॅस्ट्रिक बायपास करून घेतला.

घरी सोडताना सांगितलं होतं, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. मी सरळ दुधात प्रोटीन पावडर घालून प्यायला लागलो. तासाभरात पोटात गुडगुड, कळा आणि संडासकडे धाव! हे सांगणार कोणाला? बायकोलाही सांगितलं नाही. बाहेर जाणं बंद केलं, खाणं कमी केलं. वजन उतरतंय म्हणून लोक शाबासकी देत होते. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना पाय लटपटले, तेव्हा कळलं की चरबीबरोबर ताकदही चालली आहे.

एक दिवस बायको म्हणाली, "अहो, खरं काय ते सांगा, नाहीतर मीच डॉक्टरांना फोन लावते." मग सगळं सांगितलं.

आहारतज्ज्ञांनी दोन आठवडे दूध बंद करून रोजची नोंद ठेवायला लावली. त्रास थांबला. कारण साधं आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या वरच्या भागात जास्त असतं, आणि बायपासनंतर अन्न त्यातला सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की जिवाणू ती आंबवतात. त्यातून गॅस आणि जुलाब होतात.

म्हणजे वैर दुधाशी नाही, त्यातल्या साखरेशी आहे. पनीर करताना ती बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. दह्यात विरजण तिचा काही भाग संपवतं. तुपात ती जवळजवळ नसतेच. माझी पावडर व्हे कॉन्सन्ट्रेट होती, तिच्यातही लॅक्टोज असतं. आता आयसोलेट घेतो, त्यात ते अगदी कमी असतं. शिवाय दोन अंडी, मुगाचं धिरडं, थोडं पनीर. लॅक्टोजमुक्त दूधही मिळतं. चवीला जरा गोड लागतं, कारण त्यातली साखर आधीच फोडलेली असते. कॅल्शियमसाठी डॉक्टरांनी सायट्रेटची गोळी दिली आहे, कारण बायपासनंतर ती कार्बोनेटपेक्षा चांगली शोषली जाते.

एक सांगतो. गोड खाल्ल्यावरही असाच त्रास होऊ शकतो, त्याचं कारण वेगळं असतं. म्हणून स्वतःच निदान करू नका. काय खाल्लं, किती वेळानं त्रास झाला, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

जखम लपवणाऱ्या जवानाला मी रागवायचो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. तुम्ही तीन महिने घालवू नका.