प्रार्थनेची भाषा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ख्रिस्ती साधनेवर बोलण्यास सांगितले. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला एकच प्रश्न आज आम्ही घेतला आहे. माणूस देवापुढे रोज जे शब्द उच्चारतो ते त्याला समजले पाहिजेत काय? आणि समजले, तर त्याच्या घरात, वाडीत, बाजारात काही फरक पडतो काय? आम्ही वसईकडचे मराठी कॅथलिक. या प्रश्नातून आमचा समाज प्रत्यक्ष गेलेला आहे, म्हणून त्याच्याच आधाराने बोलू. कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचा यात हेतू नाही, आणि दुसऱ्याच्या उपासनेला उणे म्हणण्याचा तर नाहीच नाही.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. कॅथलिक धर्मातली मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापर्यंत हा मिस्सा जगभर बहुतेक ठिकाणी लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, मंत्र म्हणत. लोक मागे गुडघे टेकून असत. कित्येकांच्या हाती जपमाळ असे, कारण वेदीवर काय बोलले जाते ते त्यांना कळत नसे. श्रद्धा कमी होती असे मुळीच नाही. उलट पहाटेच्या अंधारात चर्चची वाट तुडवणारी माणसे होती ती. पण श्रद्धा एका बाजूला आणि शब्द दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती. 1962 ते 1965 या काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागला.

आता कोणी म्हणेल, लॅटिन ही तुमची देवभाषाच, ती सोडलीत कशी? याचे उत्तर इतिहासात आहे. येशू ख्रिस्त लॅटिन बोलत नव्हते. ते अरामी भाषा बोलत. शुभवर्तमाने लिहिली गेली ती ग्रीक भाषेत. खुद्द रोमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासनाही पहिल्या शतकांत ग्रीक भाषेत चाले. लोकांना ग्रीक कळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या सोयीसाठी लॅटिन आली. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून 382 च्या सुमारास संत जेरोम यांनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारण्याचे काम हाती घेतले. पुढे त्यांच्या भाषांतराला जे 'व्हल्गेट' नाव पडले त्याचा अर्थच मुळी 'लोकांत रूढ असलेले' असा आहे. म्हणजे लॅटिन ही त्या काळची प्राकृत होती! पुढे लोकांची भाषा बदलली, उपासनेची तशीच राहिली, आणि एके काळी दार म्हणून बसवलेली वस्तू भिंत होऊन बसली. 1290 साली गीतेचा अर्थ ज्ञानेश्वरांनी मराठीत का आणला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

ज्ञानेश्वरांची ओवी एका परक्या माणसालाही भावली, हे येथे सांगितलेच पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात उतरले. त्यांनी आपल्या शिष्यांसाठी बायबलाची कथा मराठी ओवीत रचली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापले गेले. पण 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ठाऊक नाही. ग्रंथ जगला तो हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्यांवरून 1907 मध्ये मंगळूरला आणि 1956 मध्ये देवनागरीत पुण्याला तो पुन्हा प्रकाशात आला. फर्मानापेक्षा माणसाच्या ओठांवरची भाषा चिवट असते. आमच्या वसईचेही तेच. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण गावोगावचे ख्रिस्ती राहिले आणि त्यांची बोलीही राहिली.

इतका इतिहास सांगितला तो अभिमानासाठी नव्हे. खरा मुद्दा पुढेच आहे. प्रार्थना समजू लागली की ती सोपी होते, असा आपला समज असतो. आमचा अनुभव उलटा आहे. समजू लागली की प्रार्थना अवघड होते.

ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना घ्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात ती आहे. म्हणायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तिच्या आरंभी देवाला बाप म्हटले आहे, आणि मराठीत आम्ही त्याला 'तू' म्हणतो. आपल्या घरांतून वडिलांना 'अहो' म्हणण्याची रीत. 'तू' म्हणावे ते आईला. पण देवाला मात्र आपण सर्वच 'तू' म्हणतो, विठ्ठलालाही आणि ख्रिस्ताच्या पित्यालाही. म्हणजे मराठीतल्या या बापात आईही आली. ही गोष्ट लॅटिनमधून आम्हांला कधी कळली नसती.

पुढे भाकरीचे मागणे आहे. तेथे जो ग्रीक शब्द आहे तो इतका विरळ की, या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ सापडतच नाही. त्याचा अर्थ लावताना जेरोमसारखा पंडितही अडला. लूकच्या शुभवर्तमानात त्यांनी तो 'रोजची' असा ठेवला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच शब्दासाठी 'देहाच्या गरजेपलीकडची' अशा अर्थाचा शब्द योजला. एकच शब्द, दोन भाकरी. एक पोटाची आणि एक आत्म्याची. आम्हांला वाटते, ही अडचण नव्हे, हा उपदेशच आहे. चुलीवरची भाकरी आणि वेदीवरची भाकरी यांची ताटातूट करू नये. आणि मागायची ती 'माझी' नव्हे, 'आमची'. शेजारी उपाशी असताना ही ओळ म्हणणे म्हणजे देवाशी लबाडी.

सर्वांत कठीण भाग क्षमेचा. तेथे माणूस देवाला सांगतो की, आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली आहे त्या मापाने आम्हांला कर. प्रार्थना संपताच मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त पुन्हा याच एका मागण्याकडे वळतात आणि ते बजावून सांगतात. बाकीच्या मागण्यांवर भाष्य नाही. आता कल्पना करा. दोन सख्खे भाऊ, वाडीच्या बांधावरून आणि विहिरीच्या पाण्यावरून कोर्टात गेलेले. रविवारी दोघेही एकाच चर्चमध्ये, एक या बाकावर, एक त्या बाकावर. लॅटिनमध्ये दोघे सुखाने हे मागणे ऐकत होते. मराठीत ते स्वतःच्या तोंडून म्हणावे लागते, आणि समोरचा ते ऐकतो! एवढ्यावर भागत नाही. 1969 मध्ये भारतातील उपासनेसाठी काही देशी रीती रोमने मान्य केल्या. त्यांत शांतीचे अभिवादन हात जोडून करण्याची रीत आहे. प्रार्थना संपल्यावर थोड्याच वेळात शेजाऱ्याकडे वळून हात जोडायचे. भावाकडे पाहून ते जोडायचे की नजर चुकवायची? साधनेचा सगळा कस त्या क्षणात आहे. वकिलाच्या नोटिशीचा मसुदा खिशात आणि क्षमेचे शब्द ओठांवर, हे फार दिवस एकत्र नांदत नाही. एकतर खटला सुटतो, नाहीतर प्रार्थना सुटते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. जुन्या लॅटिन उपासनेत एक गांभीर्य होते, मौन होते, जगात कोठेही गेले तरी तेच शब्द कानी पडत, ते हरपले असे अनेकांना वाटते. हा वाद मिटलेला नाही. 2007 मध्ये जुन्या विधीला मोकळीक मिळाली आणि 2021 मध्ये ती पुन्हा आवळली गेली. आम्ही म्हणतो, मौनाची ओढ खरी आहे; पण मौन म्हणजे न समजणे नव्हे. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात, ज्याला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली, आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. देवाचे आभार मानावे, आपले दोष दिसावे म्हणून प्रकाश मागावा, दिवस तासातासाने आठवावा, क्षमा मागावी, सुधारण्याचा निश्चय करावा. रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाव तास पुरे. येथे शब्द थोडे आणि मौनच अधिक. मात्र जे थोडे शब्द आहेत ते स्वतःचे असावे लागतात. त्याला ग्रांथिक मराठी लागत नाही. आमच्या आज्यांची सामवेदी बोली चालते.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. आज आमच्या घरांतली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत जातात. आजी जपमाळ मराठीत म्हणते आणि नातू ओठ हलवतो. काल लॅटिनचे जे झाले ते उद्या मराठीचे होणार नाही काय? जो न्याय आम्ही लॅटिनला लावला तो मराठीला लावायला आम्ही कचरता कामा नये. पण मराठी काही परकी भाषा नव्हे. ती त्या नातवाच्याच घरात, त्याच्या शेजारी बसलेली आहे. रोज एक शब्द त्याला उलगडून सांगावा: आज 'भाकरी', उद्या 'क्षमा'. जेरोमलाही एका शब्दापाशी थांबावे लागले, मग आपल्याला थांबायला लाज कसली? परिषदा वेदीवरची भाषा ठरवतात. नातवाच्या ओठांवर कोणती राहील, हे संध्याकाळी जेवणाआधीच्या त्या दहा मिनिटांत ठरते. ती दहा मिनिटे ज्या घरात आहेत, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, तेथे शब्द आणि श्रद्धा यांची पुन्हा गाठ पडते, असा आमचा विश्वास आहे.