लायडनच्या भिंतीवरची नावे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला सांगितले की, तुम्ही परदेशात जाऊन आलात, तर तिकडचे काही सांगा. मी काही विद्वान नाही. लेक तिकडे शिकायला होती, तिने तिकीट पाठवले म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये मी आणि आमच्या सौभाग्यवती जाऊन आलो. त्या गावाचे नाव लायडन.

लायडन हे हॉलंडमधले सव्वा लाख वस्तीचे गाव. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत येते. गावभर कालवे, कालव्यांवर पूल, आणि जिकडे पाहावे तिकडे सायकली. प्रोफेसरही सायकलवर आणि भाजी आणायला निघालेल्या आजीबाईही सायकलवर! घरांच्या भिंतींवर निरनिराळ्या भाषांतल्या कविता रंगवलेल्या आहेत, शंभराहून जास्त. मला एक अक्षर कळले नाही, पण भिंतीवर जाहिरातीऐवजी कविता पाहून बरे वाटले.

या गावात विद्यापीठ कसे आले ते ऐका. १५७४ साली स्पेनच्या फौजेने गावाला वेढा घातला होता. उपासमारीने आणि रोगराईने हजारो माणसे मेली, पण गाव शरण गेले नाही. शेवटी बांध फोडून समुद्राचे पाणी शेतांत सोडले आणि त्या पाण्यावरून होड्या आल्या, मासे आणि पाव घेऊन. तो दिवस ३ ऑक्टोबर. आजही तिथे त्या दिवशी मोठा उत्सव असतो. पुढच्याच वर्षी, १५७५ साली, विल्यम ऑफ ऑरेंजने गावाला विद्यापीठ दिले. आख्यायिका अशी की, करमाफी पाहिजे की विद्यापीठ पाहिजे असे त्याने विचारले आणि लोकांनी विद्यापीठ मागितले. खरे खोटे कोण जाणे. पण जे गाव स्वतःबद्दल अशी गोष्ट पोराबाळांना सांगते, ते गाव कशाला मान देते हे कळते की नाही?

विद्यापीठाची जुनी इमारत रापेनबुर्ख नावाच्या कालव्याच्या काठी आहे. तिथे एक लहानशी खोली आहे. तिला म्हणतात घामाची खोली. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थी तिथे घाम पुसत बसायचा. पास झाला की भिंतीवर सही करायची, ही तिथली रीत. सगळी भिंत नावांनी भरलेली. त्यांच्या राजाने तिथूनच पदवी घेतली, त्याचीही सही तिथेच आणि साध्या घरच्या पोरांचीही तिथेच. लेक म्हणाली, "बाबा, इथे सही करायला खानदान लागत नाही, पास व्हावं लागतं." मंडळी, तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले.

याच इमारतीत २६ नोव्हेंबर १९४० रोजी एक गोष्ट घडली. हॉलंड तेव्हा हिटलरच्या ताब्यात होता. प्रा. मायर्स हे कायद्याचे थोर शिक्षक. ज्यू म्हणून त्यांना कामावरून काढले. माणूस किती शिकलेला आहे हे पाहिले नाही, कुठे जन्मला ते पाहिले. हे आपल्याला निराळे समजावून सांगायला नको. त्यांचेच विद्यार्थी प्रा. क्लेव्हरिंगा हे तेव्हा कायदा शाखेचे प्रमुख होते. त्यांनी गुरूचा तास घेतला आणि भर सभेत या अन्यायाविरुद्ध भाषण केले. परिणाम माहीत होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना अटक झाली, विद्यापीठ बंद पडले. पण विद्यार्थ्यांनी त्या भाषणाच्या प्रती काढून देशभर वाटल्या. माणूस तुरुंगात गेला, शब्द बाहेर राहिले. मायर्स छळछावणीतून जिवंत परत आले आणि पुढे त्यांच्याकडेच देशाचा नवा दिवाणी कायदा लिहिण्याचे काम आले.

आता आपल्या विहाराशी संबंध असलेली गोष्ट. एक हजार वर्षांपूर्वी तामिळनाडूत नागपट्टणमला चूडामणी नावाचा मोठा बौद्ध विहार होता. समुद्रापलीकडच्या श्रीविजयच्या राजाने तो बांधला आणि चोळ राजा राजराजाने त्याला आनैमंगलम गावाचे उत्पन्न दान दिले. त्याच्या मुलाने, राजेंद्राने, ते दान ताम्रपटावर कोरून घेतले. एकवीस पत्रे, वजन सुमारे ३० किलो. हत्तीण फिरवून गावाची हद्द कशी आखली, कोण अधिकारी हजर होते, सगळे त्यात आहे. अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांचीसुद्धा नावे आहेत! नागपट्टणम १६५८ मध्ये डच कंपनीच्या ताब्यात गेले, पुढे हे ताम्रपट हॉलंडला पोहोचले आणि लायडन विद्यापीठाच्या संग्रहात जमा झाले. ते परत मिळावेत अशी मागणी भारताने केली, आणि ती रास्तच होती. मी गेलो तेव्हा ते कुलपात होते. लेकीने मला फोटो दाखवले.

तो विहार आज नाही. नागपट्टणमचा जुना बौद्ध मनोराही १८६७ साली पाडला गेला. एवढा राजाश्रय असून विटा राहिल्या नाहीत. राहिले ते लिहिलेले.

आणि इथे मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. आपला विहार पत्र्याची शेड होता तेव्हा मी चिटणीस होतो. आपल्या आयाबायांनी रोजंदारीतून रुपया, दोन रुपये वर्गणी दिली, डोक्यावरून विटा वाहिल्या. त्या वर्गणीचे पावती पुस्तक माझ्या ताब्यात होते. मी ते माळ्यावर टाकले. लायडनहून आल्यावर काढायला गेलो, तर वाळवीने खाल्लेले. हातात माती आली. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव मला फोटोत पाहायला मिळाले, आणि माझ्या विहाराची पहिली वर्गणी कोणत्या माउलीने दिली ते मला सांगता येत नाही. चूक माझी आहे.

म्हणून एकच विनंती. आज दाराशी मी एक जाड वही ठेवली आहे. ज्यांना आठवते त्यांनी नावे सांगा. आजीला लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावे. जुना फोटो, पावती, निमंत्रणपत्रिका असेल तर आणा, झेरॉक्स काढून परत देऊ. आणि आपल्या अभ्यासिकेची एक भिंत कोरी ठेवू या. वस्तीतले जे पोर, जी पोरगी पदवी घेईल, तिने तिथे सही करावी.

माझी लेक पहिली सही करायला येते म्हणाली. पण त्या आधी वहीत तिच्या आजीचे नाव लिहायचे आहे.