कराचीची रिकामी शेड

विमानाने समुद्र ओलांडणे हे साहसच मानले जात होते, त्या काळी दूरच्या प्रवासाची आशा हायड्रोजन वायूने भरलेल्या अजस्र हवाई जहाजांवर होती. इंग्लंड ते हिंदुस्थान या मार्गासाठी ब्रिटिश सरकारने ‘आर-१०१’ बांधले. ते नांगरून ठेवण्यास इजिप्तमध्ये इस्माइलियाला मनोरा आणि कराचीला प्रचंड शेड उभारण्यात आली.

जहाज अपेक्षेपेक्षा जड निघाले, म्हणून ते मधोमध कापून वायूची आणखी एक पिशवी बसविण्यात आली. त्यानंतर कसून चाचणी व्हावयास हवी होती; परंतु हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांना हिंदुस्थानची फेरी आटोपून लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी परतावयाचे होते. शांत हवेत एकच उड्डाण झाले. पूर्ण वेगाची परीक्षा राहून गेली.

४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी, पाऊसवाऱ्याची चिन्हे दिसत असतानाच जहाज निघाले. मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील बोव्हे शहराजवळ ते जमिनीवर आदळून पेटले. ५४ जणांपैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. थॉमसनही त्यांतच होते.

कॅनडाची फेरी सुखरूप करून आलेले ‘आर-१००’ पुढे मोडीत काढले गेले. कराचीच्या शेडमध्ये एकही हवाई जहाज कधी शिरले नाही. मंत्र्यांचे वेळापत्रक वाऱ्याला बंधनकारक नसते, एवढेच ती रिकामी शेड सांगत राहिली.