उन्हाचा निसटणारा वाटा

छपरांवर दिसणारी सोलर पॅनेल बहुतेक सिलिकॉनची असतात आणि सिलिकॉन वितळवायला चौदाशे अंशांच्या भट्ट्या लागतात. त्याऐवजी शाई छापावी तसा वीजवाहक प्लॅस्टिकचा पातळ थर पसरून सौरघट बनवता आला तर? अडचण अशी की, यासाठी वापरले जाणारे 'पी३एचटी' हे प्लॅस्टिक तांबड्या रंगापर्यंतचाच प्रकाश शोषते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून अधिक भाग त्यापलीकडचा, बराचसा अवरक्त असतो. तो निसटून जातो.

म्हणून प्लॅस्टिकमध्ये अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर व्यासाचे कण मिसळतात. हेच क्वांटम डॉट आणि हाच संकरित सौरघट. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की स्वर चढतो ना? तसाच कण लहान केला की त्याला निळ्याकडचा, चढ्या ऊर्जेचा प्रकाश लागतो. मोठा केला की तांबड्याकडचा, अवरक्तही चालतो. द्रव्य न बदलता, केवळ माप बदलून! टोरोंटोत सार्जंट यांच्या गटाने २००५ साली लेड सल्फाइडचे कण वापरून अवरक्त प्रकाशापासून वीज मिळवून दाखवली. ती होती मात्र अगदी नगण्य.

कारण प्रकाश पकडणे हे अर्धेच काम. सुटलेला इलेक्ट्रॉन बाहेर यायला हवा. कणांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती तेलकट रेणूंचे वेष्टण असते आणि तेच विजेला अडवते. या कणावरून त्या कणावर उड्या मारताना इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतो. बर्कलीत अलिव्हिसाटोस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी गोल कणांऐवजी कॅडमियम सेलेनाइडच्या लांबट कांड्या मिसळल्या. इलेक्ट्रॉनला सरळ वाट मिळाली, कार्यक्षमता १.७ टक्के झाली.

पुढे क्वीन्सलँड विद्यापीठाने २०२० साली १६.६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. पण ती वेगळ्या, पेरोव्हस्काइट जातीच्या डॉट्सच्या घटात. सिलिकॉनची आजची पॅनेल २० टक्क्यांपुढे आहेत.

मला खरी काळजी वाटते ती शिसे आणि कॅडमियमची. दोन्ही विषारी. फुटके पॅनेल भंगारात, तिथून मातीत गेले तर? म्हणूनच बार्सिलोनातले काम मी लक्ष ठेवून वाचतो. तिथे २०२२ साली चांदी, बिस्मथ आणि गंधकाच्या कणांनी नऊ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता दिली. त्यात शिसे नाही, कॅडमियमही नाही.